खुंटीला हात

"हात वर कर," अंबूताई म्हणाल्या.

मी दोन्ही हात वर केले. त्या माझ्या मागे बसल्या आणि पदराखालून त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्या बरगड्यांवर ठेवले. तळवे गार होते. रेवानं ओली केलेली सतरंजी त्या नुकत्याच धुऊन आल्या होत्या.

"हं. लाव सा."

मी सा लावला. लागला, दोन क्षण टिकला, आणि मग जुनं धडुतं फाटावं तसा मधोमध टरकला. मी मान खाली घातली. समोर दुपट्यावर पडलेली रेवा मात्र डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. साडेचार महिन्यांची पोर, तिला फाटका सा सुद्धा नवलाचा होता.

ताईंचे हात बरगड्यांवरून खाली सरकले आणि थांबले.

"हे काय गं? पोटाला काय बांधलंयस?"

"कापड."

"कसलं कापड?"

"आईंचं. म्हणजे सासूबाईंचं. जुन्या लुगड्याचा पट्टा फाडलाय त्यांनी. बाळंतपणानंतर पोट सुटू नये म्हणून."

"साडेचार महिने झाले की बाळंत होऊन! सव्वा महिना बांधतात."

"आमच्यात सहा महिने बांधतात, म्हणाल्या. स्वतः आवळतात रोज सकाळी. गुडघा टेकवून."

"आणि हे बांधून तू गातेस."

"हो."

अंबूताई हसायला लागल्या. त्यांचं हसणंही हल्ली बिनआवाजाचंच असे, नुसते खांदे हलत. "भात्याला दोरी आवळून पेटी वाजवायला बसलीय की गं ही! आणि पेटी वाजत नाही म्हणून रडतेय. सोड ते आधी."

मिरजेतल्या त्या माडीवर मी अकरा वर्षं शिकत होते. भिंतीवर थोरल्या बाईंची तसबीर, म्हणजे अंबूताईंच्या गुरू. तसबिरीखाली कापडी गवसणी घातलेले त्यांचे दोन तंबोरे. थोरल्या बाई काळी पाचमध्ये गायच्या. पेटीवरची पाचवी काळी पट्टी, तिथे त्यांचा सा. बायकांच्या गळ्यालाही ती चढीच, पण त्यांचा आवाज तिथे विजेच्या तारेसारखा तळपायचा म्हणे. त्यांच्या माघारी दरवर्षी माघात त्यांच्या पुण्यतिथीला हे दोन तंबोरे काढायचे, ते घडवणाऱ्या दस्तगीरचाचांनी येऊन ते काळी पाचला मिळवायचे, आणि दिवसभर सगळ्या शिष्यांनी त्याच सुरात गायचं. त्या दिवशी खुंटीला हात लावायचा नाही. फार तर मणी सरकवून केसभर फरक करायचा. ज्याला झेपेल त्यानं गावं, न झेपेल त्यानं नमस्कार करून खाली बसावं.

दुपारचं मुख्य गाणं एकाच शिष्येला मिळे. त्या वर्षी ते माझं होतं. बावीस दिवस उरले होते.

आणि माझा आवाज गेला होता. सिझेरियन झालं, टाके भरले, दूध आलं, सगळं आलं, आवाज तेवढा परत आला नाही. मनाशी ठरवून टाकलं होतं मी. पुण्यतिथीला सा लागला नाही, तर घरच्या तंबोऱ्याला गवसणी घालायची आणि पुन्हा काढायची नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंनाही नाही.

"रियाझ कधी करतेस?" त्यांनी विचारलं.

"ही झोपली की. पण उठू नये म्हणून अगदी हळू करते. कुजबुजल्यासारखं."

"देवा." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि घशाला काय काय घेतेस?"

"ज्येष्ठमध. कंकोळ. खडीसाखर. हळदीच्या गुळण्या, अडुळशाचा काढा..."

"वाण्याचं दुकान झालंय की गं घशाचं. अगं बाई, ते सगळं अन्नाच्या वाटेनं पोटात जातं. आवाज असतो श्वासाच्या वाटेवर. तिथं तुझा ज्येष्ठमध पोचला, तर ठसका लागून मरशील." मग एकदम गंभीर होऊन त्या म्हणाल्या, "उद्या घशाच्या डॉक्टरांकडे जा. नळी घालून बघतात. गाठ नाही ना, तेवढं मला येऊन सांग. बाकी मी बघते."

दुसऱ्या दिवशी जिना चढतानाच त्यांनी वरून विचारलं, "गाठ?"

"नाही. घशातल्या तारांच्या कडा सुजल्यात फक्त. भरपूर पाणी प्या, झोप घ्या आणि कुजबुजू नका म्हणाले."

"नक्की? गाठ नाही?"

"नाही हो ताई."

त्यांनी कठड्याला धरून डोळे मिटले आणि एवढा लांब श्वास सोडला, की मलाच नवल वाटलं. मला काही झालं नव्हतं आणि सुटका त्यांची झाली होती.

कापड सोडल्याचं घरी सांगणं हे वेगळंच प्रकरण होतं. आई तासगावच्या, तोंडानं फटकळ. "सोड, सोड. उद्या पोट लोंबायला लागलं, की म्हणशील, सासूनं सांगितलं नाही. आम्ही काय गाणं बुडवायला बांधत होतो काय?" असं म्हणत त्यांनी त्या पट्ट्याची गुंडाळी केली आणि माझ्यासमोर कपाटात फेकली. संध्याकाळी मात्र तांब्याभर कोमट पाणी माझ्या उशाशी आलेलं होतं. कुणी ठेवलं, ते कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी माडीवर पोचले, तेव्हा रेवा भुकेली होती. खांद्यावरची पिशवी खाली ठेवेपर्यंत तिनं टाहो फोडला. मी तिला उचलायला वाकले, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. दहा आकडे मोज. तेवढ्यानं काही होत नाही तिला. तिच्या अंगाकडे बघ."

मी बघितलं. आधी मला नुसतं रडणंच दिसलं. लालबुंद चेहरा, थरथरणारी जीभ. ताईंनी बोटानं हवेत दाखवलं. "तोंडाकडे नको. पोट बघ. कुशी बघ."

आणि मग दिसलं. रडण्याच्या आधी, दर वेळी, तिचं पोट एकदम भरून यायचं. पुढे, बाजूंना, पाठीतसुद्धा, दुपट्यावर पाठ टेकलेली असून तीही रुंदावायची. खांदे मात्र जागचे हलत नव्हते. मान मऊ होती, लोण्यासारखी. मग पोट तळातून हळूहळू आत यायचं आणि आवाज सरळ, गोल, न तुटता, चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा बाहेर पडायचा. एवढ्याशा जिवातून. मी तिला साडेचार महिने दिवसरात्र पाहत होते, तिच्या नखांपासून पापण्यांपर्यंत मला सगळं पाठ होतं, आणि हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"काल किती वेळ रडली?" ताईंनी विचारलं.

"तासभर. पोटात दुखत होतं."

"घसा बसला?"

"नाही."

"हिला कुणी शिकवलं गं? अं? आणि आपण अकरा वर्षं काय केलं?" त्या उठल्या, त्यांनीच रेवाला उचलून माझ्या मांडीवर दिलं. "घे. पाज आधी. गुरूला उपाशी ठेवू नये."

पोट भरल्यावर रेवा गुंगली. ताईंनी मला सतरंजीवर उताणं झोपवलं, गुडघे उभे करायला लावले आणि पोर पालथी माझ्या पोटावर ठेवली, टाक्यांच्या वर, जिथे आता कापड नव्हतं.

"काही करू नकोस. तिला नुसतं वर उचल आणि खाली ठेव. श्वासानं."

मी श्वास घेतला. रेवा वर गेली. सोडला, ती खाली आली. नावेसारखी. पाच मिनिटं, दहा मिनिटं आम्ही दोघी नुसत्या तशाच होतो. खालच्या गल्लीत कुठल्याशा तंबोऱ्यांच्या कारखान्यात भोपळा घासल्याचा खरखर आवाज येत होता.

"आता तोंड मिटून कुठलाही सूर धर. तंबोरा नाही, पेटी नाही. अंगाला जो आवडेल तो."

मी सूर धरला. पहिल्यांदा तो माझ्या कानांना कळलाच नाही, तळहाताला कळला. रेवाच्या पाठीवर माझा हात होता आणि ती पाठ झणझणत होती, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला की झणझणतो ना, तशी. माझा सूर माझ्या पोटातून निघून माझ्या लेकीच्या हाडांत वाजत होता. आणि तो फाटत नव्हता. मी श्वास संपेपर्यंत थांबले, पुन्हा भरला, पुन्हा तोच सूर, तिथल्या तिथे. माझ्या कानशिलांवरून पाणी ओघळून कानांत गेलं. ती झोपली होती. नऊ महिने तिनं हा आवाज आतून ऐकला होता, हे मला तेव्हा सुचलं.

ताईंनी हळूच पेटी ओढली आणि एक पट्टी दाबली. माझा सूर आणि पेटीचा सूर एक झाला. त्यांनी कोणती पट्टी दाबली, ते मी मान वळवून पाहिलं.

काळी चार. बाईंच्या सुराच्या दोन घरं खाली.

ताई बराच वेळ त्या पट्टीवरचं बोट न उचलता बसून राहिल्या. मग पेटी बंद करून म्हणाल्या, "उद्या ये."

पुढचे दिवस झरझर गेले. काळी चारमध्ये माझा आवाज रोज बोटभर उघडत होता. "पोर झोपली की तूही झोप. रियाझ ती जागी असताना, तिच्यासमोर, उघड्या गळ्यानं. गायचं तर गा, नाहीतर गप्प बस. कुजबुजायचं नाही." ताईंचा हा दंडक मी पाळला. रेवा समोर पडून पाय झाडायची आणि मध्येच आपलाही एक सूर लावायची. पण काळी पाचला चढवलं, की वरच्या सा पाशी मान ताठ व्हायची, जबडा आवळायचा आणि तोच जुना टरकणारा आवाज.

पाच दिवस राहिले, तेव्हा मी धीर करून विचारलं, "ताई, त्या दिवशी मी खाली लावून..."

"त्या दिवशी त्या तंबोऱ्यांच्या खुंटीला हात लावत नाहीत," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

"मग मी गाऊ नको का?"

त्या तसबिरीखालची उदबत्ती सरळ करत राहिल्या.

पुण्यतिथीच्या दिवशी माडी भरली. चाळीसेक माणसं असतील. दस्तगीरचाचा पहाटेच येऊन तंबोरे मिळवून गेले होते आणि आता खिडकीपाशी भिंतीला टेकून बसले होते. पंचाहत्तरी उलटलेले, पांढरी टोपी, मांडीवर हातरुमाल. आई रेवाला घेऊन मागच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मला सकाळी एवढंच सांगितलं होतं, "पोरीचं मी बघते. तू तुझं बघ."

चार वाजता मी पुढे जाऊन बसले. नमस्कार केला. मागे दोन मुली तंबोरे छेडत होत्या, काळी पाच, स्वच्छ, धारदार. मी श्वास घेतला. पोट भरलं, कुशी भरल्या. आणि मला कळून चुकलं, की हा श्वास सगळा घेऊनसुद्धा मी त्या घरात शिरू शकणार नाही. सा लावला तर लागेल. अर्ध्या तासानं फाटेल.

तेवढ्यात अंबूताई उठल्या. त्या नेहमी तसबिरीखाली, सगळ्यांत मागे बसत. बारा-चौदा वर्षांत त्यांना कुणी गाताना ऐकलं नव्हतं. आता गळा नाही, आता शिकवायचं, एवढंच त्या सांगत. लोक म्हणत, त्यांनी गाणं बाईंच्या पायाशी ठेवलं. माझ्या मागे येऊन त्यांनी एका मुलीच्या हातातून तंबोरा काढून घेतला, मांडीवर आडवा केला आणि खुंटी धरली.

तार उतरताना जो आवाज होतो, तो मैफलीत कुणी ऐकत नाही. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला.

"अंबूताई, आज?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "बाईंचा सूर आहे तो!"

"अंबू." दस्तगीरचाचा भिंतीचा टेका सोडून सरळ बसले. "काय करतीस?"

"चाचा, दुसरा तुम्ही घ्या," ताई म्हणाल्या. "काळी चार. मला एकटीला वेळ लागेल."

चाचा ताईंकडे पाहत राहिले. खालच्या मानेनं खुंटी पिळणाऱ्या त्या पासष्टीच्या बाईकडे. मग त्यांनी हातरुमाल खिशात टाकला, गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि दुसरा तंबोरा घेतला. तबलजीनं कुणी न सांगता हातोडी काढली आणि तबलाही उतरवायला गट्टे ठोकू लागला. पंधरा मिनिटं लागली. तारा सैल करायच्या, मिळवायच्या, घोडीवरचे जवारीचे दोरे नखानं सरकवून पुन्हा सूर बोलता करायचा. पंधरा मिनिटं चाळीस माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. दोन्ही तंबोरे एकदम छेडले गेले, तेव्हा माडी बदलली. सूर तळपत नव्हता. उबदार होता, आणि त्याला तळ होता.

"भर," ताई मागून हळूच म्हणाल्या.

मी भीमपलास सुरू केला. पहिला सा मी रेवाला पोटावर ठेवून लावायचे, तसाच लावला. खर्जातून वर येताना वाटलं, मी गात नाहीये, मला कुणी उचलतंय आणि खाली ठेवतंय. किती वेळ गेला, कळलं नाही. मध्यावर कधीतरी मागच्या दाराशी रेवा रडली आणि माझ्या छातीत दूध दाटून आलं, पदर ओला झाला. मी थांबले नाही. तिचा तो सरळ, गोल आवाज कानात घेतला आणि त्याच श्वासावर वरच्या सा वर गेले. लागला. टिकला. मान मऊ होती, लोण्यासारखी.

आणि मग माझ्या सा च्या शेजारी दुसरा सा आला.

मला आधी वाटलं, तंबोराच आहे. मग तो जाड झाला, जरा धुळकट, पुष्कळ दिवसांनी उघडलेल्या खोलीसारखा, आणि माझ्या डोळ्यांदेखत, नाही, पाठीमागे, स्वच्छ होत गेला. चाचांचा तंबोरा थांबला. मिरजेच्या त्या म्हाताऱ्या कारागिराचा हात तारेवर जागच्या जागी राहिला होता. अंबूताई गात होत्या.

मी गप्प झाले. माझ्याच्यानं गाववेना.

"थांबतेस काय," त्या दोन स्वरांच्या मध्ये म्हणाल्या. "श्वास घे आणि ये."

मी गेले. तो सूर दोघींना पुरून उरला.

नंतर मागच्या खोलीत मी रेवाला पाजत बसले होते. आई बाहेर कुणाला तरी ठसक्यात सांगत होत्या, "आमचीच सून! बाळंतपणानंतर मीच तर सगळं बघितलं." ताई पाण्याचं फुलपात्र घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

"मला गाठ होती," त्या म्हणाल्या. "घशातल्या दोन्ही तारांवर. तांदळाच्या दाण्याएवढी. चौदा वर्षं झाली. इथंच, या माडीवर, बाई समोर बसल्या होत्या. वरच्या सा ला आवाज फाटला माझा. बाईंनी चाचांना खूण केली. म्हणाल्या, उतरव, पोरीला झेपत नाही, उतरव."

"मग?"

"मी चाचांचा हात धरला. म्हटलं, नाही. बाईंचा सूर सोडून मी गाणार नाही." त्यांनी पाणी पिऊन फुलपात्र खाली ठेवलं. "बाई दोन वर्षांनी गेल्या. मला वाटायचं, केवढी माझी भक्ती." रेवा दूध प्यायची थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. ताईंनी तिच्या पोटावर अलगद तळवा ठेवला. तो वर गेला, खाली आला. "बाई उतरव म्हणाल्या होत्या गं. त्यांचं तेवढं एकच ऐकलं नाही मी."

पुढच्या वर्षी माघात पुण्यतिथीच्या पहाटे मी मदतीला लवकर गेले होते. रेवा भिंत सोडून चालायला लागली होती. दस्तगीरचाचा जिना चढून आले, त्यांनी गवसण्या काढल्या, दोन्ही तंबोरे समोर ठेवले आणि खुंटीवर हात ठेवून थांबले. इतक्या वर्षांत त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

"अंबू," त्यांनी विचारलं, "कुठल्या सुरात लावू?"

अंबूताईंनी तसबिरीला हार घातला, मागे सरकून तो सरळ आहे ना, ते पाहिलं.

"सकाळी माझ्या," त्या म्हणाल्या. "नंतर जी गायला बसेल, तिला विचारा."